न्यू मॉक कसा करायचा, आणि नंतर काढायचा कसा

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. अमळनेरचा एक पोरगा, पुण्याच्या कंपनीत जावावर काम करतो, सध्या घरूनच. त्याच्याकडे एक सर्व्हिस क्लास आहे, त्याच्या मेथडच्या पोटातच न्यू (जावात नवीन ऑब्जेक्ट बनवायचा शब्द) करून भाव आणणारा क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारं ऑब्जेक्ट, बनवलाय, त्यामुळे युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एक छोटा भाग एकटा तपासणारी टेस्ट, चालवली की ती थेट खऱ्या सर्व्हरला जाऊन भिडते. आधी पॉवरमॉकवर, म्हणजे मॉक (टेस्टपुरती खोटी वस्तू) बनवणाऱ्या एका लायब्ररीवर, कसंबसं चालत होतं, जावा १७ वर गेले आणि सगळ्या टेस्ट लाल, म्हणजे फेल. लीड म्हणतो कोडला हात लावायचा नाही, रिलीज जवळ आलंय. सिनियर म्हणतो कन्स्ट्रक्टर (न्यू केल्यावर ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) मॉक करायची वेळ आली म्हणजे डिझाइनच चुकलं. आणि हा बिचारा मधे. त्याने दोन क्लास पाठवलेत, एक हा आणि एक नोटिफिकेशन पाठवणारा, आणि पायथनसारख्या दुसऱ्या भाषांचंही विचारलंय. "दादा, कन्स्ट्रक्टर मॉक करता येतो का, आणि करावा का?"

भाऊ, आधी तुझं अडलेलं काम सोडवू, त्या दोघांचं नंतर बघू. करता येतो. मॉकिटो ह्या दुसऱ्या मॉक लायब्ररीच्या ३.५ व्हर्जनपासून, म्हणजे २०२० पासून, मॉककन्स्ट्रक्शन नावाची सोय आहे. सुरुवातीला त्यासाठी मॉकिटो-इनलाइन ही वेगळी डिपेन्डन्सी टाकावी लागायची, २०२३ च्या जानेवारीत ५ वं व्हर्जन आलं तेव्हापासून तेच डिफॉल्ट झालं, वेगळं काही टाकायचं नाही, फक्त जावा ११ किंवा त्याच्या वरचं पाहिजे आणि तू तर १७ वर आहेसच. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत तुझ्या टेस्ट हिरव्या होऊ शकतात. तरी मी पुढे एवढं लिहून राहिलो कारण ही सोय टेकू आहे. आपल्याकडे केळीचा घड भरायला लागला, झाड कलायला लागलं की बांबूचा टेकू देतात, आणि घड कापला की तो टेकू काढून घेतात. मी बऱ्याच प्रोजेक्टमध्ये बघितलंय की घड कधीच कापून झाला, टेकू मात्र पाच-पाच वर्षं तसेच उभे, आणि नवीन पोरांना वाटतं टेस्ट अशीच लिहायची असते.

न्यू एवढा त्रास का देतो हे एकदा नीट समजून घे, कारण ते कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. तू एखाद्या ऑब्जेक्टवर साधी मेथड कॉल करतोस तेव्हा जेव्हीएम, म्हणजे जावाचा प्रोग्राम चालवणारं इंजिन, चालताना बघतं की समोरचं ऑब्जेक्ट खरं कोणत्या क्लासचं आहे आणि त्या क्लासची मेथड चालवतं. म्हणून सबक्लास करून मेथड बदलता येते, आणि जुन्या पद्धतीचे सगळे मॉक ह्याच गोष्टीवर उभे आहेत, ते गुपचूप एक सबक्लास बनवतात आणि त्याचं ऑब्जेक्ट तुझ्या हातात देतात. न्यूचं तसं नाही. न्यू लिहिलं की कंपायलर बाइटकोडमध्ये, म्हणजे जेव्हीएमला कळणाऱ्या सूचनांमध्ये, आधी त्या क्लासच्या नावाने जागा मागतो, मग त्या जागेच्या पत्त्याची अजून एक कॉपी करतो, आणि मग इन्व्होकस्पेशल नावाच्या सूचनेने त्याच क्लासचा कन्स्ट्रक्टर चालवतो. क्लासचं नाव कंपाइल होतानाच पक्कं लिहिलं गेलं. ऑब्जेक्ट अजून जन्मलेलंच नाही तर "तू खरा कोण" असं विचारणार कोणाला? आणि तुझ्याकडे तयार मॉक असला तरी तो आत द्यायला दार नाही, कारण मेथड स्वतःच आतल्या आत वस्तू बनवते, स्वतःच वापरते आणि टाकून देते.

मग तीनच रस्ते उरतात. एक तर ज्या क्लासमध्ये न्यू लिहिलंय त्याचा बाइटकोड बदलायचा, दुसरा म्हणजे ज्या क्लासचं ऑब्जेक्ट बनतंय त्याचाच बाइटकोड बदलायचा, आणि तिसरा, न्यू तिथे लिहायचाच नाही. पॉवरमॉक पहिल्या रस्त्याने जायचं, मॉकिटो दुसऱ्या रस्त्याने जातं, सिनियर तिसरा सांगतोय.

पॉवरमॉकचं लवकर उरकतो. त्याच्यात व्हेन-न्यू, म्हणजे न्यूच्या जागी मॉक देणारी सोय, वापरताना प्रिपेअर-फॉर-टेस्ट ह्या खुणेत न्यू करणाऱ्या क्लासचं नाव द्यावं लागतं, बनणाऱ्या क्लासचं नाही, आणि ह्या एका गोष्टीत मी कित्येक पोरांचे अख्खे दिवस गेलेले बघितलेत. कारण वर सांगितलं तेच, ते कॉल करणाऱ्याचा बाइटकोड बदलतं. त्यासाठी स्वतःचा वेगळा क्लासलोडर, म्हणजे क्लास मेमरीत आणणारा भाग, लावतं, म्हणून मग जाकोकोसारखं कव्हरेजचं (टेस्टने कोडचा किती भाग चालवला ते मोजायचं) टूल नेहमीच्या पद्धतीने लावलं तर त्याच क्लासचं कव्हरेज शून्य दिसतं, टेस्ट पास झालेली असली तरी. जावा १६ पासून जेडीकेच्या, म्हणजे जावाच्या स्वतःच्या, आतल्या गोष्टींना रिफ्लेक्शनने (चालताना क्लासच्या आत डोकावायची सोय) हात लावणं डिफॉल्टने बंद झालं, १७ मध्ये ते अजून घट्ट झालं, आणि पॉवरमॉकला तर तिथेच हात लावायचा असतो, म्हणून तुझं बिल्ड फाटलं. ते बंद दार उघडणाऱ्या ॲड-ओपन्सच्या फ्लॅगा टाकून टाकून चालवणारे लोक आहेत, पण त्याचं शेवटचं रिलीज २०२० चं आणि टेस्ट चालवणाऱ्या जेयुनिट ५ साठी सरळ सपोर्टच नाही. तू त्याच्या मागे लागू नकोस. काढायचंच आहे ते.

आता मॉककन्स्ट्रक्शन. तुझा क्लायंट रेटक्लायंट धरू. टेस्टमध्ये ट्रायच्या कंसात (तिथे उघडलेलं ब्लॉक संपला की आपोआप बंद होतं) मॉककन्स्ट्रक्शन उघडायचं, त्याला रेटक्लायंटचा क्लास द्यायचा आणि सोबत एक लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, द्यायचा. ह्या लॅम्डामध्ये दोन गोष्टी मिळतात, नुकताच जन्मलेला मॉक आणि त्याचा कॉन्टेक्स्ट. व्हेन-देनरिटर्न, म्हणजे अमुक विचारलं तर तमुक उत्तर दे, जे काही लावायचं ते ह्या लॅम्डामध्येच लावायचं, कारण त्याच्या आधी मॉक अस्तित्वात नाही आणि त्याच्या नंतर तो मेथडच्या पोटात गेलेला असतो. कॉन्टेक्स्टमध्ये कन्स्ट्रक्टरला काय पॅरामीटर आले ते मिळतात. हे लोक वापरतच नाहीत आणि खरी मजा तर तिथे आहे, म्हणजे मेथडने क्लायंट "रावेर"साठी बनवला की "यावल"साठी हे तपासायचं असेल तर तिथेच बघायचं. ट्रायच्या आत मग खरी मेथड कॉल करायची, आणि नंतर त्या मॉककन्स्ट्रक्शनला कन्स्ट्रक्टेड विचारलं की ह्या काळात जन्मलेल्या सगळ्या मॉकची यादी मिळते. आधी यादीची लांबी तपास. एक अपेक्षित असताना तीन निघाले तर मेथड लूपच्या आत क्लायंट बनवून राहिली, आणि हा बग मला अशाच टेस्टमुळे दोनदा सापडलाय.

ट्रायच्या कंसात उघडायचं असं म्हणालो ते सहज म्हणून नाही. ते बंद केलं नाही तर त्या थ्रेडवर (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांपैकी एक) मॉकिंग चालूच राहतं, पुढची टेस्ट त्याच क्लाससाठी परत उघडायला गेली की आधीच रजिस्टर आहे म्हणून एरर येतो, आणि बोंब होते त्या दुसऱ्या बिचाऱ्या टेस्टची जिची काही चूक नाही.

अजून एक, मॉक झालेल्या ऑब्जेक्टचा खरा कन्स्ट्रक्टर आतून चालत नाही. म्हणजे फील्डला ज्या व्हॅल्यू लावल्यात त्या लागत नाहीत, सगळं नल आणि शून्य. आपल्याला तेच पाहिजे असतं, पण कोणी त्या ऑब्जेक्टची एखादी मेथड खरीच चालव असं सांगितलं की आत नल पॉइंटर येतो आणि मग माणूस दोन तास भलतीकडे शोधत बसतो. आणि न्यू कधी होतो ते बघ. क्लायंट जर तुझ्या सर्व्हिसच्या फील्डमध्येच न्यू केलेला असेल तर सर्व्हिसचं ऑब्जेक्टसुद्धा ट्रायच्या आत बनवावं लागेल, सेटअपच्या मेथडमध्ये बनवलं तर गाडी निघून गेली. स्टॅटिक फायनल फील्ड असेल तर त्याहून अवघड, ते क्लास पहिल्यांदा लोड होतानाच बनतं, तुझी टेस्ट एकटी चालवली तर पास आणि सगळ्यांसोबत चालवली तर फेल, किंवा उलटं. असं दिसलं की मॉकिंगशी कुस्ती खेळू नकोस, तो स्टॅटिक तिथून हलव.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला फार महाग पडलं. मॉककन्स्ट्रक्शन फक्त त्याच थ्रेडपुरतं चालतं ज्या थ्रेडवर ते उघडलं.

चार-एक वर्षं झाली. जळगावात एका ठिकाणी आम्ही केळीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर करत होतो, नाव नाही घेत. काट्यावरून काटापट्टी यायची, त्यावर भाव लावून कपात करून शेतकऱ्याची हिशोबपट्टी तयार व्हायची, आणि पट्टी झाली की शेतकऱ्याला एसएमएस. पट्टीचा क्लास हजारेक ओळींचा, एसएमएस क्लायंट मेथडच्या आतच न्यू केलेला, आणि त्या क्लायंटचा कन्स्ट्रक्टरच गेटवेला, म्हणजे एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला, लॉगिन करायचा. टेस्ट मी लिहिली. मॉककन्स्ट्रक्शन लावलं, हिशोब सोपा व्हावा म्हणून भाव १ रुपया धरला, म्हणजे शंभर क्विंटलचे शंभर रुपये, डोळ्याने तपासता येतं. टेस्ट हिरवी झाली. काही आठवड्यांनी आमच्यातल्याच एकाने पट्टी लवकर सेव्ह व्हावी म्हणून एसएमएस पाठवायचं काम एक्झिक्युटरवर, म्हणजे दुसऱ्या थ्रेडवर कामं चालवणाऱ्यावर, टाकलं, आणि क्लायंटचा न्यू सुद्धा सोबत त्या दुसऱ्या थ्रेडमध्ये गेला. त्याने योग्यच केलं होतं. माझी टेस्ट तरी हिरवीच राहिली, कारण मी फक्त पट्टीची रक्कम तपासत होतो, कन्स्ट्रक्टेडची यादी बघतच नव्हतो. तिकडे दुसऱ्या थ्रेडवर खरा क्लायंट जन्माला येत होता. टेस्टचा डेटा प्रॉडक्शनच्या बॅकअपवरून उचललेला, खरे मोबाइल नंबर तसेच, आणि बिल्डच्या मशीनवर गेटवेची खरी किल्ली.

रात्री साडेनऊच्या सुमाराला सावद्याकडचे एक काका मोटरसायकलवर ऑफिसला आले. शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग, म्हणजे दिवसभर कापणीवरच होते. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, तो काढून माझ्यासमोर धरला. मेसेजमध्ये त्यांचं नाव, माल शंभर क्विंटल, भाव १ रुपया, रक्कम १०० रुपये. ते चिडलेले नव्हते. एवढंच म्हणाले, "साहेब, हे काय आलं बघा, घरात सगळे घाबरले." वर्षभर खत-पाणी घालून, करपा आणि उन्हाळ्यातलं वारं झेलून आणलेला माल, आणि माझ्या टेस्टने त्यांना सांगितलं की शंभर रुपये. त्या रात्री बारापर्यंत आम्ही ज्यांना ज्यांना मेसेज गेले त्यांना एकेकाला फोन करत बसलो होतो. तेव्हापासून टेस्टमध्ये काय मॉक झालं ह्याच्याइतकंच, काय मॉक झालं नाही हे कसं कळणार, हा प्रश्न मी प्रत्येक रिव्ह्यूमध्ये विचारतो.

त्यामुळे तू काही करशील त्याच्या आधी दोन कामं कर. बिल्ड मशीनवर आणि तुझ्या लॅपटॉपवर टेस्टच्या प्रोफाइलमध्ये खरी किल्ली, खरा पत्ता काहीच नको, असा पत्ता टाक जो कुठेच जात नाही, म्हणजे मॉक चुकला तर टेस्ट फुटेल, बाहेर काही जाणार नाही. आणि टेस्ट डेटात खऱ्या माणसाचा नंबर नको. ह्याला कोणत्याही लीडची परवानगी लागत नाही.

आता सिनियरच्या म्हणण्याकडे येतो. त्याचं म्हणणं मला पटतं पण तो ज्या पद्धतीने सांगतोय त्याने तुला काही करता येत नाही. "डिझाइन चुकलं" म्हणजे नक्की काय चुकलं? वस्तू बनवणं आणि वस्तू वापरणं ही दोन कामं एका मेथडमध्ये आली, एवढंच. हिशोब करणाऱ्या मुनीमाला काटा कोणत्या कंपनीचा आहे आणि तो कुठून विकत आणायचा हे ठरवायचं कारण नाही, त्याला काट्याचं वजन पाहिजे.

पण म्हणून प्रत्येक न्यू वाईट असं अजिबात नाही, आणि इथे बरेच जण उलटं टोक गाठतात. लिस्ट, बिगडेसिमल, स्ट्रिंगबिल्डर, तुझी स्वतःची पट्टीची ओळ, तारीख-वजन-रक्कम ठेवणारे छोटे क्लास, हे बिनधास्त न्यू कर, टेस्टमध्येही खरेच वापर. मी एक टेस्ट बघितली होती जिथे बिगडेसिमलच मॉक केलेला आणि गुणाकाराचं उत्तरसुद्धा टेस्टनेच सांगून ठेवलेलं, मग टेस्टने तपासलं काय? माझा हिशोब साधा आहे, जी वस्तू स्वतःपुरती असते, म्हणजे नेटवर्क नाही, डिस्क नाही, घड्याळ नाही, रँडम नाही, ती न्यू करायला मोकळी. जी बाहेरच्या जगाला हात लावते ती आतमध्ये न्यू करायची नाही, बाहेरून द्यायची. तुझ्या क्लासमध्ये समजा पंधरा न्यू असतील तर त्यातले फार तर दोन ह्या दुसऱ्या प्रकारातले निघतील. म्हणजे काम वाटतं तेवढं मोठं नाही.

आता लीडची भीती. त्याला वाटतंय कन्स्ट्रक्टर बदलला की ज्या पन्नास-साठ ठिकाणी ही सर्व्हिस बनवली जाते ती सगळी बदलावी लागतील. नाही लागत. तुझा क्लायंट जर सगळ्यांसाठी एकच चालत असेल तर तो सरळ कन्स्ट्रक्टरमधून घे. पण तुझ्या केसमध्ये तालुका मेथडच्या आत कळतो आणि मग त्या तालुक्यासाठी क्लायंट बनतो, तर मग वस्तू नको घेऊस, वस्तू बनवायची रीत घे. जावा ८ पासून फंक्शन आणि सप्लायर हे इंटरफेस तयार मिळतात. सर्व्हिसमध्ये एक फील्ड ठेव, तालुका घेणारं आणि रेटक्लायंट देणारं फंक्शन. नवीन कन्स्ट्रक्टर हे फंक्शन घेतो. जुना बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर आहे तसाच राहू दे, फक्त त्याच्या आत नवीन कन्स्ट्रक्टरला कॉल कर आणि रेटक्लायंट::न्यू हा रेफरन्स पाठव. मेथडमधली न्यू रेटक्लायंट(तालुका) ही ओळ जाऊन तिथे क्लायंटबनव.अप्लाय(तालुका) येतं. झालं, चार जागी बदल, आणि बाहेरच्या साठ ठिकाणांपैकी एकालाही कळत नाही. टेस्टमध्ये मात्र तू नवीन कन्स्ट्रक्टर वापरतोस आणि एक ओळीचा लॅम्डा देतोस जो तुझा मॉक परत देतो. थ्रेड कोणताही असो, एक्झिक्युटर असो की पॅरलल स्ट्रीम, मॉकच मिळणार, कारण आता बाइटकोडची काही भानगडच नाही, साधं ऑब्जेक्ट आहे. फक्त स्प्रिंग, म्हणजे ऑब्जेक्ट आपणहून बनवून देणारं फ्रेमवर्क, असेल तर एक बघ, दोन कन्स्ट्रक्टर झाले की कोणता वापरायचा ते ऑटोवायर्डची खूण लावून सांग, नाहीतर ते बिनपॅरामीटरचा उचलतं. तुझ्या केसमध्ये तोच पाहिजे असेल तर मग काही लावू नकोस.

एवढंही करायची मुभा नसेल तर अजून एक लहान पायरी आहे. न्यूची ती एक ओळ उचलून एका प्रोटेक्टेड मेथडमध्ये टाक, आणि टेस्टमध्ये सर्व्हिसचा सबक्लास करून तेवढी मेथड बदल. आयडीईमध्ये एक्स्ट्रॅक्ट मेथड दाबलं की दहा सेकंदाचं काम, हाताने काही टाइप करायचं नाही म्हणून चूक व्हायची शक्यताही कमी. दिसायला फार सुंदर नाही पण मॉककन्स्ट्रक्शनपेक्षा मला हे बरं वाटतं.

मग मॉककन्स्ट्रक्शन कधी? जेव्हा कोड एवढा जुना आणि गुंतलेला आहे की वरचा बदल करतानाही भीती वाटते, कारण एकही टेस्ट नाही. तेव्हा आधी मॉककन्स्ट्रक्शन लावून सध्याचा कोड जसा वागतो तशी टेस्ट लिही, बरोबर-चूक नको ठरवूस, जे उत्तर येतं तेच टेस्टमध्ये टाक. मग त्या टेस्टच्या आधाराने न्यू बाहेर काढ. मग टेस्टमधलं मॉककन्स्ट्रक्शन काढून तिथे लॅम्डा लाव. दोन वेगवेगळे पीआर, म्हणजे कोडमधला बदल तपासून घ्यायच्या विनंत्या, कर, पहिल्यात फक्त टेस्ट, दुसऱ्यात बदल आणि टेकू काढणं, आणि दुसऱ्याचं तिकीट पहिला मर्ज व्हायच्या आधीच बनवून ठेव. आमच्याकडे त्या पट्टीच्या क्लासचं असंच केलं. काकांच्या त्या रात्रीनंतर कोणी म्हणालं नाही की वेळ नाही.

कन्स्ट्रक्टरमध्ये काम करायची सवय पण मोडायला पाहिजे, खरं तर अर्धा त्रास तिथूनच येतो. आमचा एसएमएस क्लायंट कन्स्ट्रक्टरमध्येच लॉगिन करायचा म्हणून तर त्याला नुसतं बनवणंसुद्धा धोक्याचं होतं. कन्स्ट्रक्टरने पॅरामीटर घ्यावेत, फील्डमध्ये ठेवावेत आणि थांबावं. कनेक्शन, फाइल वाचणं, लॉगिन हे पहिल्यांदा वापरताना किंवा वेगळ्या मेथडमध्ये. एवढं केलं तर कितीतरी वेळा मॉकची गरजच राहत नाही.

रविवारी मी आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतो, जळगाव, भुसावळ, कधी शिरपूरवरूनही येतात. फॅक्टरी पॅटर्न सगळ्यांना पाठ असतो, व्हायवाला घडाघडा सांगतात, पण न्यू हलवता का येत नाही हे विचारलं की गप्प. आणि ती हुशार पोरं आहेत, त्यांना कोणी बाइटकोड उघडून दाखवलेलाच नसतो. जावापी नावाचं टूल जेडीकेसोबतच येतं, मायनस सी लावून स्वतःचा क्लास उघडून बघ, पाच मिनिटांत न्यू आणि इन्व्होकस्पेशल डोळ्यासमोर दिसेल.

दुसऱ्या भाषांचंही तू विचारलं होतंस, तुमच्या टीममध्ये पायथन पण आहे म्हणून. तिथे क्लास हे पण एक नावच असतं, ते नाव चालताना बदलता येतं, म्हणून सोपं पडतं. युनिटटेस्ट-मॉक ३.३ पासून पायथनमध्येच येतं. पण पॅच करताना क्लास जिथे लिहिलाय तिथलं नाव नाही द्यायचं, जिथे वापरलाय त्या मोड्यूलमधलं द्यायचं, कारण फ्रॉम-इम्पोर्ट केलं की त्या मोड्यूलमध्ये त्या नावाची स्वतःची प्रत झालेली असते आणि मूळ बदलून तिला फरक पडत नाही. पॅच केलेल्या क्लासची रिटर्न-व्हॅल्यू म्हणजे तुझं मॉक ऑब्जेक्ट. ऑटोस्पेक (मॉकला खऱ्या क्लासच्याच मेथड ठेवायला लावणारी सोय) चालू ठेव, नाहीतर मेथडच्या नावात स्पेलिंग चुकलं तरी मॉक आनंदाने हो म्हणतो. कोटलिनवाले मॉकेमध्ये मॉकेकन्स्ट्रक्टर आणि एनीकन्स्ट्रक्टेड वापरतात, त्यालाही शेवटी अनमॉक करायचं विसरू नये. जावास्क्रिप्टच्या जेस्टमध्ये मोड्यूल मॉक करताना फॅक्टरीतून थेट ॲरो फंक्शन परत दिलं तर त्याला न्यू लावता येत नाही, साधं फंक्शन द्यायचं. पीएचपीच्या मॉकरीत ओव्हरलोड आहे पण खरा क्लास त्याच्या आधी लोड झालेला चालत नाही म्हणून वेगळ्या प्रोसेसमध्ये टेस्ट चालवावी लागते, आणि मग ती हळू होते.

घड्याळाचं एक सांगून टाकतो कारण तुझ्या मेथडमध्ये तारीख पण आतच घेतलेली दिसतेय. ते मॉक करू नकोस. जावा ८ पासून क्लॉक नावाचा क्लास आहे, तो कन्स्ट्रक्टरमधून घे, लोकलडेटचं नाऊ त्या क्लॉकला विचार, टेस्टमध्ये क्लॉक.फिक्स्ड दे. ३१ मार्चला रात्री बारा वाजता झालेली पट्टी कोणत्या आर्थिक वर्षात जाते ही टेस्ट त्याशिवाय नीट लिहिता येत नाही, आणि हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती पाहिजेच.

बाहेरच्या कंपनीची एसडीके, म्हणजे त्यांची तयार लायब्ररी, असेल, पेमेंट किंवा एसएमएसची, तर तिचे क्लास थेट मॉक करत बसू नको. तुझा स्वतःचा एक छोटा इंटरफेस बनव, "मेसेज पाठव" एवढीच एक मेथड, आणि एसडीकेचा न्यू त्याच्या एकाच इम्प्लिमेंटेशनमध्ये कोंडून ठेव. टेस्टसाठी मग मॉकसुद्धा लागत नाही, हाताने लिहिलेला दहा ओळींचा फेक पुरतो जो आलेले मेसेज एका लिस्टमध्ये ठेवतो. आमच्याकडे आता तेच आहे. आणि त्या एका खऱ्या इम्प्लिमेंटेशनची टेस्ट गेटवेच्या सँडबॉक्सवर, म्हणजे चाचणीसाठीच्या सर्व्हरवर, रोज रात्री एकदा चालते, कारण गेटवेवाल्यांनी उत्तराचा फॉरमॅट बदलला तर मॉकला ते कधीच कळणार नाही.

पुढे जावा २१ वर जाल तेव्हा टेस्ट चालताना एजंट (जेव्हीएममध्ये शिरून बाइटकोड बदलणारा भाग) आपोआप लोड होतोय अशी वॉर्निंग दिसायला लागेल, ती मॉकिटोच्या इनलाइनमुळेच येते. घाबरायचं नाही, टेस्टच्या जेव्हीएमला मॉकिटोचा जार जावाएजंट म्हणून आधीच द्यायचा, बिल्डसाठी मेव्हन असेल तर त्यात टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायरच्या आर्गलाइनमध्ये.

तू पाठवलेल्या दोन क्लासपैकी भाव आणणाऱ्या सर्व्हिसला आज मॉककन्स्ट्रक्शन लाव आणि रिलीजनंतर फंक्शनवाला बदल कर. दुसरा जो आहे, नोटिफिकेशन पाठवणारा, त्यात कम्प्लिटेबलफ्युचरच्या रनअसिंकच्या आत, म्हणजे दुसऱ्या थ्रेडवर, न्यू आहे. त्याला मॉककन्स्ट्रक्शन लावू नकोस, एक दिवसासाठीसुद्धा नाही. तिथे आजच न्यू बाहेर काढ, आणि लीड नाही म्हणाला तर त्याला माझा तो सावद्याच्या काकांचा किस्सा सांग, हवं तर मी स्वतः त्याच्याशी फोनवर बोलतो.